दुधाच्या घरातली अ‍ॅलर्जी

संगमनेर तालुक्यातल्या पुष्कळ घरांसारखं आमचंही घर दुधावर चालतं. दोन वेळा डेअरीला दूध घालायचं, त्याच्या पगारावर किराणा आणि पेंड. अशा घरात धाकट्याला वरचं दूध सुरू केलं आणि काही मिनिटांत तोंडाभोवती, मग पोटावर गांधी उठल्या. ओठ सुजला, उलटी झाली. पुढे बोटभर दही चाटवलं तेव्हाही तेच.

सासूबाई म्हणाल्या, "गाईचं बाधतंय, शेळीचं दे." कुणी रक्ततपासणीचं मोठं पॅकेज सुचवलं, तेही केलं. रिपोर्टमध्ये दुधाबरोबर गहू, बाजरी, शेंगदाणे, हरभरा, वांगं, सगळं लाल अक्षरांत! पोर रोज वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी खात होतं, कधी पुरळही उठलं नव्हतं.

नगरच्या बालरोगतज्ज्ञांनी ते कागद बाजूला ठेवले. "ताई, ही आयजीजीची तपासणी आहे. आपण जे खातो त्याविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतातच, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. मला सांगा, काय खाल्लं, किती खाल्लं आणि किती वेळात त्रास झाला?" त्यांनी सगळं सावकाश लिहून घेतलं. इतका वेळ आम्हाला तोवर कुणी दिला नव्हता.

खाजेचं औषध चालू असल्यानं त्वचेवरची चाचणी लगेच करता येत नव्हती. रक्ततपासणीला ती अडचण नसते. म्हणून फक्त दुधासाठीची आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडाची, तपासणी करायची ठरली. इवल्याशा हाताची शीर सापडेना. मी त्याचं डोकं छातीशी धरून बसले. नळीभर रक्त निघालं तेव्हा माझाच श्वास सुटला. प्रयोगशाळेत दुधाच्या प्रथिनांवर हे रक्तजल सोडतात. दुधाविरुद्धचं आयजीई तिथे चिकटतं, बाकीचं धुऊन जातं आणि चिकटलेलं मोजतात. हे प्रतिपिंड 1960 च्या दशकात इशिझाका दांपत्यानं अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये शोधलं. नेहमीची मर्यादा 0.35. आमचा आकडा तिच्या कितीतरी वर होता, आणि गांधी-उलटीची हकीकत त्याच्याशी जुळत होती. निदान पक्कं झालं ते या दोन्हींमुळे.

नुसता आकडा फसवतो. बेंगळुरू-म्हैसूरकडच्या प्रौढांच्या एका पाहणीत 26.5 टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता दिसली ती जेमतेम 1.2 टक्क्यांत. शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तातडीचं इंजेक्शन हाताशी ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहतात. घरी हा प्रयोग करायचा नसतो.

शेळीचं दूधही डॉक्टरांनी बंदच ठेवलं. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी की एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या बहुतेकांना दुसरंही बाधतं. भाकरी, शेंगदाण्याचं कूट, वांगं मात्र ताटात राहिलं. मोठं होता होता बऱ्याच मुलांची ही अ‍ॅलर्जी जाते, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासायचं आहे.

तुमच्या हातात असा लांबलचक लाल रिपोर्ट आला, तर लेकराच्या ताटातलं काहीही काढण्याआधी तपासणी आयजीईची की आयजीजीची एवढं नक्की विचारा.