आत्या, सफाईनं दात हलत नाहीत

दौंड

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी हिरड्यांखालची सफाई सांगितली आणि ‘साफ करून दात ढिले करतात’ म्हणत तू तडक शिरूरची गाडी धरलीस. या भीतीत थोडं खरं आहे, म्हणूनच ती जात नाही. तुझ्या खालच्या दातांत किटण इतकं साचलंय की त्यानंच दात एकमेकांना जखडलेत. ते निघालं की फटी दिसतील, गार पाणी काही दिवस झोंबेल, एखादा दात हलल्यासारखाही वाटेल. पण तो हलायला लागलाय कधीचाच. किटणानं ते कळू दिलं नाही.

डॉक्टर बारीक सळई घालून मोजत होते ना? निरोगी तोंडातही दात आणि हिरडीमध्ये एक ते तीन मिलिमीटरची खाच असते. तुझी काही ठिकाणी सहा भरली. तिथं ना ब्रश पोचतो, ना मिठाच्या गुळण्या. आतल्या जंतूंशी झगडताना हिरडी सुजते आणि दाताभोवतीचं हाड झिजत जातं. भीमेच्या काठावरल्या बाभळीखालची माती जावी तसं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं वाचवायचं, एवढ्यासाठीच ही सफाई.

भूल देऊन करतात. बहुधा एका वेळी एकच बाजू, म्हणजे दुसऱ्या बाजूनं भाकरी चावता येते. आधी पाणी उडवणारं थरथरतं यंत्र, मग हातानं चालवायची बारीक हत्यारं, मुळं गुळगुळीत होईपर्यंत. महिना-दीड महिन्यानं खाच पुन्हा मोजतात. पुढेही दर तीन-चार महिन्यांनी दाखवावं लागतं.

आता तुझी मशेरी. ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ हे तू अभिमानानं सांगतेस. मशेरीच्या तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा रक्त येत नाही यावर विसंबू नकोस. मशेरी लावणारी तू एकटी नाहीस म्हणा. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या लाखभर गावकऱ्यांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३९ टक्के बाया मशेरी लावणाऱ्या निघाल्या. १९९२ साली सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. विकतचं मंजन त्यात अडकलं, घरच्या तव्यावर भाजलेली तंबाखू सुटली. ती तुझी तुलाच बंद करावी लागेल, नाहीतर साफ केलेल्या हिरड्या नीट भरणार नाहीत.

आणि तुझी साखर. ती वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की ती आवरत नाही. मधुमेहींमध्ये अशा उपचारानंतर तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) सरासरी ०.४ अंकांच्या आसपास उतरलेली दिसलीय. गोळ्या चालूच ठेवायच्या, पण हा फायदा सोडायचा कशाला?

न्हावऱ्यावरून चौफुल्याला ये, तिथून पाटसमार्गे दौंड. जेवून, साखरेची गोळी घेऊन निघ. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना आधी सांग. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाल आणि मशेरीची डबी घरी ठेव. दोन्ही बाजू होईपर्यंत मुक्काम इथंच. मामांच्या जेवणाचं वहिनी बघेल, तिच्याशी बोलून झालंय.

तुझी,
भाची