गेला कुठें?

मोटारींतली थंड हवा बंद पडली कीं, आपल्याकडे एकच उपाय सर्वत्र सांगितला जातो : "गॅस संपला असेल, भरून घ्या." सांगणारांत गॅरेजवाले असतात, शेजारी असतात, आणि लग्नमंडपांत पलीकडच्या खुर्चीवर बसलेले अनोळखी गृहस्थहि असतात. पेट्रोल संपतें, डब्यांतली साखर संपते, तसा गॅसहि संपत असेल असें मन निमूटपणें मान्य करतें. मी कॉलेजांत तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आलों आहें. एका साध्या क्रियापदाच्या पोटांत केवढा हेत्वाभास दडून बसूं शकतो, हें मला नवें नाहीं. पण "संपला" या शब्दाइतका बेमालूम दडलेला हेत्वाभास मला क्वचितच आढळला असेल.

कारण हा गॅस संपण्याची वस्तूच नव्हे. मोटारींत आपण थंडी भरीत नसतों. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकीत असतों. वैशाखांत माठांतलें पाणी गार होतें, तें बाहेर पाझरलेलें पाणी वाफ होतांना उष्णता घेऊन जातें म्हणून. मोटारींतहि तेंच घडतें. फरक एवढाच कीं, माठाची वाफ परत येत नाहीं, आणि येथें तीच पुनःपुन्हा वापरावयाची असते. आर-१३४ए नांवाचा द्रव साध्या हवेच्या दाबाखालीं उणें २६ अंशांवरच उकळतो. कूलिंग कॉइलमध्यें त्याचा वायु होतो व तो आंतल्या हवेची उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें तो ती उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करून पुन्हा द्रव होतो, आणि एका अरुंद व्हॉल्व्हमधून परत आंत येतो. या प्रदक्षिणेंत तो जळत नाहीं कीं झिजत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें किंचित् झिरपतो, तेवढा सोडला, तर कमी झाला याचा अर्थ एकच : तो कोठून तरी निसटला.

गेल्या उन्हाळ्यांत हा विषय माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाहीं. आईला पंचाऐंशीवें वर्ष. दर पंधरवड्याला तिला अमरावतीहून नागपूरच्या इस्पितळांत न्यावें लागे. सुमारें दीडशें किलोमीटरांचा रस्ता, आणि विदर्भांतलें ऊन. तिचें हृदय औषधांवर निभावेल, पण उष्मा त्याला सोसणार नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मार्चमध्यें एका गॅरेजांत गॅस भरला; गारवा तीन आठवडे टिकला. एप्रिलमध्यें दुसऱ्या गॅरेजांत भरला. पंधरा दिवस टिकला. पावती दोन्ही ठिकाणीं मिळाली, कारण कोणींच सांगितलें नाहीं. मेमधल्या पहिल्या फेरींत, परततांना, कोंढाळी ओलांडल्यावर जाळींतून कोमट वारा येऊं लागला. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त पदराचें टोंक ओलें करून मानेवर घेतलें.

त्यानंतर ज्या मिस्त्रींकडे मी गेलों, ते साठीच्या आसपासचे, मितभाषी गृहस्थ. मीं दोन्ही पावत्या पुढें ठेवल्या. त्यांनीं त्या वाचल्या, घडी घालून परत दिल्या, आणि म्हणाले, "सर, गॅस काय पेट्रोल आहे जळून जायला? कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गेला कुठें, तें आधीं पाहूं. भरायचें मग."

यंत्र बंद असतांना गेजचे दोन्ही कांटे एकाच आंकड्यावर उभे होते. त्या आंकड्यावर मिस्त्री विसंबले नाहींत. बंद यंत्रांत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी दाब ठरतो तो बाहेरच्या उष्म्यावरून, द्रवाच्या मापावरून नव्हे. ३५ अंशांवर तो चौरस इंचास सुमारें ११५ पौंड भरतो, मग आंत दोनशें ग्रॅम असोत वा चारशें. यंत्र चालू केल्यावर दोन्ही कांटे असावेत त्याहून खालीं राहिले. पंखा बिघडला असता तर वरच्या दाबाचा कांटा चढला असता. कॉम्प्रेसर थकला असता तर दोन्ही कांटे एकमेकांकडे सरकले असते. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालीं मांडलेल्या कारणशोधाच्या पद्धति मी दर वर्षीं फळ्यावर लिहितों. त्यांतलें अवशिष्ट कारण गांठण्याचें कसब या गृहस्थांच्या हातांत होतें. आंतला गॅस त्यांनीं हवेंत न सोडतां सिलिंडरमध्यें ओढून घेतला व तोलला. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ४५० ग्रॅम लिहिलेले, निघाले २००.

गॅसाबरोबर कॉम्प्रेसरचें तेलहि फिरत असतें, आणि तो निसटतो तेथें तेल पाझरून धूळ चिकटते. कंडेन्सरजवळच्या एका सांध्यावर असा काळा डाग होता. नळ्यांत नायट्रोजन भरून मिस्त्रींनीं तेथें साबणाचा फेंस लावला. राईएवढा बुडबुडा हळूहळू वाढूं लागला. आंतली रबराची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. तिची किंमत दोन कप चहाची. ती बदलून त्यांनीं अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालविला, कारण राहिलेली ओल व्हॉल्व्हपाशीं गोठून वाट अडविते; आणि मग मोजून ४५० ग्रॅम भरले. उरलेल्या उन्हाळ्यांतल्या साऱ्या फेऱ्या आईनें झोंपेंत काढल्या.

"गेला कुठें?" या प्रश्नाला आणखीहि एक उत्तर आहे : आभाळांत. याच्या आधींचा आर-१२ ओझोनचा थर खातो, हें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखविलें, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याचा मार्ग बंद होऊं लागला. आजचा गॅस ओझोनला अपाय करीत नाहीं. पण त्याचा एक किलो शंभर वर्षांत सुमारें चौदाशें किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवतो. आमच्या गाडींतून त्या खेपेला निसटलेल्या पावशेराचा हिशेब साडेतीनशें किलोंवर जातो. आईच्या मानेवरचा उष्मा हटविण्यासाठीं भरलेला गॅस असा कोणा दुसऱ्याच्या आईच्या उन्हाळ्यांत भर घालीत होता.

आमच्या कॉलेजांतहि भरण्याचाच सुकाळ आहे. मुलगा नापास झाला कीं, त्याला गाइड देतात, जादा तास ठेवतात, शेवटीं ग्रेस मार्क घालतात. पहांटे तो घरोघर दूध घालतो म्हणून वर्गांत पेंगतो, कीं चौथींतले अपूर्णांकच त्याला कधीं कळले नाहींत, हें विचारावयास सवड कोणाला? फुटक्या घागरींत पाणी ओततांना हात कामांत असतात, त्यामुळें आपण कांहीं तरी करीत आहों असें समाधान मिळतें. घागर पालथी करून चीर शोधतांना कांहीं काळ रिकाम्या हातांनीं बसावें लागतें, आणि तेंच माणसाला नको असतें.

शिवाय भरणाराचें गिऱ्हाईक परत येतें. बुजविणाराचें येत नाहीं. त्या मिस्त्रींकडे मला पुन्हा जावें लागलें नाहीं. कारागिराची याहून मोठी प्रशस्ति मला सुचत नाहीं.