वावरात पिकतं, चुलीवर शिजत नाही

भोकर, जि. नांदेड

ती. अक्कास,


फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय. वाढदिवसाला धपाटे नको म्हणून नातवानं सगळ्यांना तळलेल्या कोंबडीच्या दुकानात नेलं, हे सांगताना तुझा आवाज जड झाला होता. पोरावर रागवू नकोस. बाहेरचं तेवढं काढून टाकायचं म्हटलं तर आपल्या ताटात तरी काय उरेल? मिरची, बटाटा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आले. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच. १९९६ साली भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सलाही गोमांस सोडून बटाट्याची टिक्की करावीच लागली.

मला काळजी वेगळी आहे. ते दुकान पुण्यात असलं तरी त्याचं एक टोक आपल्या वावरात आहे. दादांच्या वेळी खरिपात ज्वारी, मूग, उडीद असायचं. आता नाल्यापासून रस्त्यापर्यंत नुसतं सोयाबीन. क्विंटलभर गाळलं तर १८-२० किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंडच. ती मक्याबरोबर ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. शहरात कोंबडी खाणं वाढलं, पेंडेला गिऱ्हाईक वाढलं आणि आम्ही पेरत गेलो. पैसा मिळाला, खोटं कशाला बोलू? तुझ्या भाचीचं शिक्षण त्यातच झालं.

पण २०२१ चा श्रावण आठव. मोंढ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० च्या घरात गेला होता. खाद्य महागलं म्हणून कोंबडीवाल्यांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी मिळाली. आमची रास होऊन माल मोंढ्यात जाईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. पुढच्या एप्रिलात इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली, तर इथल्या भजेवाल्याच्या कढईलाही झळ लागली.

पूर्वी ज्वारीचा भाव पडला तरी घरात भाकर होती, बैलांपुढं कडबा होता. सोयाबीनचा भाव पडला की त्याचं पोत्यावर पोतं घरात असूनही चुलीवर ठेवायला काही नसतं. शेतकऱ्यानं ज्वारी किलोनं विकत आणायची, अक्का, हे मला सोसत नाही.

म्हणून यंदा रब्बीत विहिरीजवळचा एक एकर ज्वारीला ठेवलाय. कडेनं करडई लावीन. काट्यांमुळं गुरं आत शिरत नाहीत. होळीनंतर घाण्यावरून तेल काढून तुझ्यासाठी डबा भरून ठेवतो. संक्रांतीच्या आगेमागे नातवाला घेऊन ये, हुरडा तेव्हा कवळा असतो. धपाट्यांचा आग्रह नको करू. आगटीजवळ बसव, गरम कणसं त्याच्या हातानंच चोळू दे. दाताखाली दाणा आला की काय म्हणतो ते मला ऐकायचंय.

तुझा धाकटा भाऊ