पांढरी माती

लहानपणी आजी मला नदीवर पाठवी. "दरडीतली पांढरी माती आण रे, भांडी घासायचीत." मी मूठ-मूठ खरवडून आणी. त्या मातीने आमची पितळी घागर सोन्यासारखी लखलखे. त्या पांढऱ्या मातीबद्दल मला एवढेच ठाऊक होते.

कॉलेजात आल्यावर एका तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, "बोरी बुद्रुक, कुकडी नदी". मी चमकलो. ती माती नव्हेच, ज्वालामुखीची राख! पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ती उजेडात आणली. काही अभ्यासक ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात, तर काही ती लाखो वर्षे जुनी ठरवतात. तिच्याजवळच्या वाळू-गोट्यांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. आजीच्या घागरीवर समुद्रापलीकडचा डोंगर झिजला असेल, या कल्पनेने मला त्या रात्री झोप आली नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो, तर आमच्या मळ्याच्या कडेला खुंट्या ठोकलेल्या. अण्णांना दरड तोडून मोटारीसाठी विहीर घ्यायची होती. खुंट्या नेमक्या पांढऱ्या पट्ट्यावर!

मी सारे सांगितले. अण्णांनी शांतपणे ऐकले नि म्हणाले, "राखेनं ऊस भिजतो का? दरड माझ्या सातबाऱ्यात हाय."

मला उत्तर सुचेना. अण्णांचेही खोटे नव्हते. चावंडजवळच्या कुकडेश्वरी उगम पावणारी ही नदी आता धरणांच्या हिशोबाने वाहते. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांचे पाणी पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तन लांबले की काठावरच्या मोटारीही कोरड्या पडतात.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याचे ढापे टाकायचे होते. अण्णांबरोबर मीही गेलो. दोन्ही काठांची माणसे जमली होती. वर्षभर बांधावरून भांडणारे दोघे एकाच ढाप्याला हात लावून उभे! एक ढापा नीट बसला नाही, तर पाणी साऱ्यांचेच वाहून जाते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना जे अधिकार दिले, त्याच्या मुळाशी हेच साधे शहाणपण असावे.

परतताना मी भीत भीत विचारले, "अण्णा, ढापा कुणाचा?"

"गावाचा."

"पाणी?"

"समद्यांचं."

"मग ज्या दरडीच्या आधारानं ते थांबतं, ती एकट्या आपलीच कशी?"

अण्णा काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत त्यांनी दोनदा तंबाखू मळली.

सकाळी मळ्यात गेलो. खुंट्या वीसेक हात वर सरकल्या होत्या. तिथे काळा कातळ आहे. खोदाई महाग पडणार. अण्णा एवढेच म्हणाले, "आता पुढल्या वर्षीची तुझी फी जपून खर्च कर."

शेजारच्या मळ्यांतल्या दरडी अजून तशाच उघड्या आहेत. तिथल्या खुंट्या कोण सरकवणार? वाळू नेणारे अंधारात येतात. ग्रामसभेत हा विषय मांडायचे मी ठरवले आहे. बोलताना पाय लटपटतील, हेही ठाऊक आहे.

आजी आता नाही. घागर मात्र आहे. यंदा मी ती चिंचेने घासली.