गोडी कुठून येते

गोड लाल वाईन म्हणजे बहुधा आंबण्याचे काम अर्ध्यावर राहिलेली वाईन. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचा मद्यार्क होतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की मद्यार्क एका टक्क्याने चढतो. पूर्ण पिकलेल्या द्राक्षाच्या रसात लिटरमागे दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते. ती सगळी संपली की १३-१४ टक्क्यांची वाईन तयार होते आणि गोडी जवळजवळ उरत नाही. जगातल्या बहुतेक लाल वाईन अशाच असतात. त्यांना ‘ड्राय’ म्हणतात. लाल आणि गोड हवी असेल, तर कुणीतरी मध्येच आंबणे थांबवलेले असते, नाहीतर आंबून झाल्यावर वरून गोडी घातलेली असते. नवख्याने बाटली हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: यातली गोडी कुठली?

बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात पुस्तक न उघडताही हे कळते. पहाटे शिंदीच्या झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते, इतकी की ओठ चिकटतात. ऊन वर येते तसा मडक्याच्या तोंडाशी फेस जमतो, गोडी उतरते, आंबटपणा येतो, आणि दुपारी त्याच मडक्यात शिंदी असते. नीरा गोडच ठेवायची तर मडक्याला आतून चुना फासतात. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यात अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षाचाच कडक अर्क ओततात. त्याने यीस्ट मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. हीच पोर्ट. चुना फासणारा आणि अर्क ओतणारा एकमेकांना कधी भेटले नसतील, पण काम एकाच जातीचे आहे.

मराठी घरांत गोड लाल वाईनची जवळची नातेवाईक फार पूर्वीपासून आहे. ती औषधांच्या कपाटात असते. द्राक्षासव मनुका, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून आंबवतात, आणि त्यातला मद्यार्क बाहेरून घातलेला नसतो, आतच तयार झालेला असतो. जेवणानंतर दोन चमचे, तितकेच पाणी घालून. पोर्ट पहिल्यांदा चाखणाऱ्याला ती ओळखीची वाटते, त्यामागे हे दोन चमचे असतात.

लाल वाईनमध्ये गोडीच्या आधी जिभेला तुरटपणा भेटतो. लाल वाईन सालीसकट आंबवतात. साल आणि बिया यांतून रंगाबरोबर टॅनिन उतरते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी कोरडी, खरखरीत होते, तसेच ते लागते. नवखा माणूस ‘कडू आहे’ म्हणून पेला बाजूला सारतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला कडूपणा नव्हे तर हा तुरटपणा खटकलेला असतो. साखर तुरटपणा झाकते, म्हणून गोड लाल वाईनपासून सुरुवात करणे अगदी योग्य आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. एक घोटाळा मात्र टाळावा. पिकलेल्या जांभळाचा, मनुकांचा वास येणारी वाईन गोड असेलच असे नाही. नाक गोडी सांगते आणि जिभेवर काहीच येत नाही. बाटलीवर ‘फ्रूटी’ लिहिलेले असते ते वासाबद्दल. गोडीबद्दल ‘स्वीट’ किंवा ‘सेमी-स्वीट’ असेच लिहिलेले हवे. इटालियन बाटलीवर ‘दोल्चे’ किंवा ‘अमाबिले’. युरोपच्या नियमाप्रमाणे साध्या वाईनमध्ये लिटरमागे ४५ ग्रॅमच्या वर साखर असली की ती गोड. पोर्टमध्ये ती शंभर ग्रॅमच्या आसपास असते.

भारतातल्या दुकानात लाल आणि गोड मागितले की समोर येते ती बहुधा पोर्टच. पाटीवर ‘वाइन्स’ असते, आत व्हिस्की आणि रमच्या भिंती असतात, आणि खालच्या फळीवर एका कोपऱ्यात दोन-तीन पोर्टच्या बाटल्या. मूळ पोर्ट दोरूच्या खोऱ्यातली. १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री मार्किश द पोंबाल याने या खोऱ्याच्या हद्दी आखून दिल्या. आखलेल्या खोऱ्याबाहेरच्या द्राक्षाची मूळ पोर्ट होत नाही. मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास. बाटलीच्या मानेवर, बुचावरून खाली उतरणारी, क्रमांक असलेली कागदाची हमीपट्टी असते. बूच काढायचे तर ती फाडावीच लागते. आपल्याकडची पोर्ट गोव्यात पोर्तुगीजांमागे राहिलेल्या सवयीतून आली आणि नाव तेवढे घेऊन आली. ती पुष्कळदा बंगळूर ब्लू या काळ्या द्राक्षाची असते. बंगळूर, चिक्कबळ्ळापूर, कोलारकडचे हे द्राक्ष, २०१३ पासून भौगोलिक मानांकन असलेले. वास इतका ठसठशीत की जॅमची बाटली उघडल्यासारखे वाटते. रसाला ते उत्तम. तालेवार वाईन त्याची होत नाही, पण गोड पोर्टला तोच वास शोभतो. प्रश्न ‘पोर्ट’ या शब्दाचा आहे. भारतीय बाटलीवर तो कोऱ्या कागदावरच्या शिक्क्यासारखा असतो, आत काय असेल हे ठरलेले नसते: कुठे उरलेली साखर, कुठे वरून घातलेली.

कोऱ्या कागदावर शिक्का घेण्याची सर्वांत महागात पडलेली गोष्ट बिदरची आहे. महमूद गावान इराणातल्या गीलानहून व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने बांधलेल्या मदरशाच्या निळ्या फरशा आजही बिदरमध्ये उन्हात चमकतात. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी त्याच काळात घोडा विकायला बिदरला आला होता.  निकितिनने लिहून ठेवले आहे की, या वजिराच्या पंक्तीला रोज पाचशे माणसे जेवत. आणि सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे होते, प्रत्येक दरवाजात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारे कारकून बसलेले. इतक्या कारकुनांच्या राज्यात घात झाला तो एका कागदाने. इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे वजिरावर जळणाऱ्या दरबाऱ्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या हबशी नोकराशी दोस्ती केली, एके दिवशी त्याला भरपूर पाजली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. एका मित्राचा हिशेब आहे, बऱ्याच जणांची मोहोर झाली आहे, तुमचीही होऊ द्या. त्याने घडी उघडून पाहिली नाही. कागद कोरा होता. मागाहून त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचे निमंत्रण लिहिले गेले. ते पत्र सुलतान तिसऱ्या मुहम्मदाच्या हाती पडले तेव्हा तोही प्यायलेला होता. वजिराला बोलावणे गेले. मित्रांनी नको जाऊ म्हणून सांगितले, तरी तो गेला. शिक्का आपलाच आहे, पत्र आपले नाही, एवढेच तो म्हणू शकला. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्याची मान उतरवली. वय सत्तरीच्या पुढे. मग त्याचा खजिना उघडला तेव्हा नगण्य रक्कम निघाली. हजारो पुस्तकांचा हा धनी चटईवर निजत होता आणि मातीच्या भांड्यात जेवत होता. सुलतान वर्षभरातच, पश्चात्ताप आणि पेला यांच्यामध्ये, गेला. राज्याचे तुकडे व्हायला मग फार वेळ लागला नाही. बिदरच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ वजिराची साधी कबर आहे.

बाटलीची मागची बाजू वाचावी ती यासाठी. मद्यार्क किती, साखर घातली आहे का, द्राक्ष कोणते, कुठे भरली: या चार गोष्टी तिथे सापडल्या की बाटलीवर निम्मा विश्वास ठेवायला हरकत नाही. गोव्यात मडगावच्या विनिकोलासारख्या घरांची पोर्ट पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या पेल्याचे काम करत आली आहे, आणि ते काम ती चांगले करते. थोडी ऐपत असेल तर पोर्तुगालची ‘रुबी’ घ्यावी. ती तरुण, फळांच्या वासाची आणि समजायला सोपी. २० टक्के झेपत नसतील त्यांच्यासाठी इटलीच्या पिएमोंतेची ब्राकेत्तो द’आक्वी आहे: पाच-सहा टक्के, बारीक बुडबुडे, गुलाब आणि स्ट्रॉबेरीचा वास. पहिल्या पेल्यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. इटलीचीच लाम्ब्रुस्को घेताना ‘अमाबिले’ पाहूनच घ्यावी. ‘सेक्को’ असेल तर ती ड्राय.

जवळचे म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडे वळावे, तर फ्रातेल्ली या वायनरीची सांजोवेझे ही उत्तम लाल वाईन तिथे होते, पण ती ड्राय आहे. गोड पेल्यांची वर्षे सरल्यावर तिची पाळी येते. नाशिकच्या सुलाची ‘लेट हार्वेस्ट’ खरोखर गोड आणि घडापासूनच गोड, पण ती पांढरी. दख्खनच्या उन्हात वेलीला हिवाळ्याची झोप नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या दोन छाटण्यांवर ती पीक देते. जानेवारी ते मार्चच्या काढणीत उशीर केला की मण्यांतली साखर भराभर चढते. तोच उशीर काळ्या द्राक्षाला देऊन चांगली गोड लाल वाईन करणे इथल्या कारागिरांना जमायला हवे, आणि ती अकलूजच्याच मातीत व्हावी.

पिताना ती गार हवी, माठाच्या पाण्याहून थोडी जास्त गार. बिदरच्या मे महिन्यात खोलीच्या उष्णतेला ठेवलेली पोर्ट काढ्यासारखी लागते आणि मद्यार्क नाकात चढतो. पेला लहान घ्यावा आणि अर्धाच भरावा. तिखटाबरोबर हलकी गोड वाईन चालते, कारण साखर तिखट निवळते; कडक पोर्ट मात्र तेच तिखट भडकवते. लसूण घातलेल्या शेंगाचटणीबरोबर म्हणून पोर्ट नको. साध्या भाजलेल्या शेंगा आणि विजापूरचे बेदाणे तिला शोभतात. पुरणपोळी किंवा गव्हाच्या हुग्गीबरोबर तर कुठलीच नको, कारण ताटातली गोडी पेल्यातल्या गोडीहून जास्त झाली की वाईन आंबट लागते.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. बुडबुड्यांची वाईन दुसऱ्या दिवशी निपचित पडते, साधी गोड लाल तीन-चार दिवस टिकते, रुबी पोर्ट दोन-तीन आठवडे.