कोळंबीचे सोवळे

स्वयंपाकघरात ज्यांचा काडीचाही उपयोग होत नाही असे पुरुष वनभोजनास निघाले म्हणजे एकाएकी बल्लवाचार्य होतात, असा आमच्या सौभाग्यवतींचा पुष्कळ वर्षांचा सिद्धान्त आहे. घरी चहाचे आधण ठेवण्यास सांगितले असता ज्यांस वर्तमानपत्रातून डोके वर काढवत नाही, तेच उघड्या माळावर पन्नास माणसांचा भात शिजविण्यास बाह्या सरसावून पुढे होतात. हा आरोप आम्हांस सर्वस्वी लागू पडतो, हे प्रथमच मान्य करतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर छत्तीस माणसांच्या जेवणाची जबाबदारी आम्ही आपण होऊन शिरावर घेतली. आणि ज्या गोष्टीस आम्ही जन्मभर हसत आलो, तीच त्या संध्याकाळी आम्हांस हात धुऊन शिकावी लागली.

प्रसंग असा. आमचा पुतण्या अटलांटा शहरी राहतो. तेथील नऊ मराठी कुटुंबे उन्हाळा ओसरला म्हणजे दोन रात्री समुद्रकाठी तंबू ठोकून राहतात. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो त्या ऑक्टोबरात मंडळींनी दक्षिण कॅरोलायना राज्यातील हंटिंग आयलंड हे बेट निवडले होते. मोटारीने पाच तासांचा रस्ता. शेवटी दोहों बाजूंस खाजणे लागतात, भरतीचे पाणी गवतातून नागमोडी आत शिरलेले दिसते, आणि अलिबागच्या माणसाला आपण रेवदंड्याच्या वाटेवर तर नाही ना, असा क्षणभर भास होतो. बेटावर १८७५ साली उभारलेले एक दीपगृह आहे. समुद्र जमीन खात पुढे येतो, म्हणून ते ओतीव लोखंडाच्या सुट्या भागांचे केले होते. आणि १८८९ साली ते खरोखरच उकलून मागे नेऊन पुन्हा उभे करावे लागले. घर मागे सरकविण्याची ही दूरदृष्टी आम्हांस फार आवडली.

ज्या पदार्थाचा आम्ही विडा उचलला होता त्यास त्या प्रांती फ्रॉगमोर स्ट्यू म्हणतात. नावात बेडूक आहे, पातेल्यात मात्र नाही. फ्रॉगमोर ही वाटेवरच्या सेंट हेलेना बेटावरील एक वस्ती. तेथील रिचर्ड गे या मासळीच्या व्यापाऱ्याने १९६०नंतरच्या दशकात नॅशनल गार्डमधील आपल्या सोबत्यांसाठी हाताशी होते ते सारे एका भांड्यात उकडून घातले, आणि त्यातून या पदार्थाचा बोलबाला झाला, असे सांगतात. कोळंबी, मक्याची कणसे, लहान तांबडे बटाटे आणि धुरी दिलेले सॉसेज, एवढीच सामग्री. स्ट्यू म्हणावा तर रस्सा नाही, कारण पाणी अखेर ओतून टाकावयाचे असते. मसाला बहुधा ओल्ड बे नावाचा तयारच घेतात. जर्मनीतून जीव वाचवून बाल्टिमोरला आलेल्या गुस्टाव ब्रुन या निर्वासिताने तो १९३९च्या सुमारास बनविला. त्यात मिरी आणि तांबडी मिरची यांच्या जोडीला सेलरीचे बी असते. सेलरी ही आपल्या ओव्याचीच भाऊबंद. म्हणून डबा उघडताच आम्हांस पोपटीची आठवण झाली.

पोपटी ठाऊक नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. आमचा जन्म कुलाबा जिल्ह्यातला. १९८१पासून त्यास रायगड म्हणतात. तेथे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा आणि मीठ भरतात, तोंड पाल्याने गच्च बुजवून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. झाली की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून, ते कसे चुरचुरते त्यावरून ओळखावयाचे. लहानपणी हे शास्त्र आम्ही पुष्कळ पाहिले होते, आणि त्याच बळावर परमुलखातील कोळंबीस हात घालण्याचे धैर्य केले.

हिशेब आम्ही चोख केला होता. छत्तीसांपैकी अकरा शाकाहारी. उरलेल्या पंचवीसांस माणशी अर्धा पौंड धरता साडेबारा पौंड कोळंबी, म्हणजे पावणेसहा किलो. वर अब्रूसाठी अडीच पौंड अधिक. त्या किनाऱ्यास शरद ऋतूत पांढरी कोळंबी येते. ती दुपारीच धक्क्यावरून आणून बर्फाच्या पेटीत ठेवली, आणि वितळलेल्या पाण्यात ती भिजत पडू नये म्हणून पेटीचे खालचे बूच काढून ठेवले. साठ लिटरांचे एक पातेले कोळंबीचे, आणि दुसरे लहान पातेले शाकाहाऱ्यांचे. मग आम्ही कात्री घेऊन बसलो. कवच राखावयाचे, पण पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावयाचा. मधून मधून उठून आम्ही कणसे मोजली आणि त्यांचे दोन पातेल्यांसाठी दोन ढीग केले. आपल्या व्यवस्थितपणावर आम्ही फार खूष होतो.

इतक्यात मंडळींतील एक तरुण बाई संकोचत जवळ आली आणि म्हणाली, "काका, दुसऱ्या पातेल्याची शेगडी जरा लांब मांडाल का? झारासुद्धा वेगळा ठेवा. आणि कोळंबीचा हात तिकडे कोणी लावू नये, एवढं बघाल का?"

आम्ही मोठ्याने हसलो. आमची आजी कडक सोवळ्याची. तिच्यावरचे विनोद आम्ही चाळीस वर्षे बैठकीत सांगत आलो आहोत. ते जिभेवर तयारच होते. "अगं, सात समुद्र ओलांडलेस तरी सोवळे काही सुटले नाही! आमच्या आजीनेच पुन्हा अवतार घेतला वाटते," असे आम्ही चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. चार माणसे हसलीही.

बाई हसली नाही. ती म्हणाली, "सोवळं नाही हो, काका. माझ्या मुलीला कोळंबी चालत नाही. मागच्या वर्षी एका घरी भाताला नुसता तो चमचा लागला होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते." खांद्यावरच्या पिशवीतून तिने एपिनेफ्रिनची सुई काढून दाखविली, ती तिच्याजवळ अष्टौप्रहर असते. मग हळूच म्हणाली, "प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं. आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हसतंच."

मुलगी सहा वर्षांची. ती पलीकडे वाळूत खड्डा खणीत होती.

आम्ही चाचरत विचारले, "पण उकळत्या पाण्यात काय ते नाहीसे होत नाही का?" तेव्हा तिने समजावून सांगितले. या विकारास बहुतेक वेळा कारण होणारे ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन उकळूनही टिकते. इतकेच नव्हे, तर ते उकडलेल्या पाण्यात उतरते. वाफेबरोबर उडालेल्या कणांनीही काहींस त्रास होतो.

ती बोलत होती आणि आमचे लक्ष कणसांच्या दोन ढिगांकडे गेले. ते आम्ही ज्या हातांनी मोजले होते, त्या हातांस कोळंबीचे पाणी लागलेले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. ही गोष्ट आम्हांवाचून कोणासच ठाऊक नव्हती. सांगावे, तर एवढा ढीग बाद होणार, दुकान दूर, ऊन उतरत चाललेले, आणि नुकताच थट्टेने हसलेला यजमान सर्वांदेखत मूर्ख ठरणार. "कणसे धुतली म्हणजे झाले; त्यातून ती उकळावयाचीच आहेत," असा एक शहाणा आवाज मनात बोलू लागला; आणि उकळण्याने काही साधत नाही हे त्याच घटकेस ऐकले असतानाही आम्ही तो ऐकत राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. दहा-बारा श्वासांचा असेल. पण तेवढ्या वेळात एका मुलीच्या श्वासापेक्षा आपली शोभा आम्हांस जड वाटली, हे खरे आहे. आणि ते आठवले म्हणजे अद्यापि बरे वाटत नाही.

अखेर सांगितले. बाई रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत, काका," एवढेच म्हणाली. दोन्ही ढीग कोळंबीच्या पातेल्याकडे गेले. पुतण्या मोटार काढून गावात जाऊन नवी कणसे घेऊन आला. जेवण एक तास लांबले. मुले भुकेने कुरकुरली आणि कारण विचारू लागली. ते आम्ही सर्वांस आपल्या तोंडाने सांगितले.

मग व्यवस्था नव्याने लागली. सौभाग्यवतींनी कोळंबीस बोटही लावले नव्हते. म्हणून दुसरे पातेले, झारा आणि परात त्यांच्या स्वाधीन झाली. वारा समुद्राकडून येत होता. तेव्हा त्यांची चूल समुद्राच्या अंगास आणि आमची तिच्यापासून बरीच दूर, झाडांच्या अंगास. दोन्हींच्या मध्ये कोणीतरी वाळूत काठीने रेघ ओढली. रेघेपलीकडे जाण्यास आम्हांस मनाई होती.

स्वयंपाकाचे म्हणाल तर तो घड्याळाचा खेळ आहे. पाण्यास उकळी येण्यासच पाऊण तास लागला. त्यात मीठ, मसाला, कांदे आणि चिरलेली लिंबे. पहिल्याने बटाटे, ते पंधरा मिनिटे. मग सॉसेज, पाच मिनिटांनी कणसे, आणखी पाच मिनिटांनी सर्वांच्या शेवटी कोळंबी, ती जेमतेम तीन मिनिटे. तिचा तांबूस रंग बाहेरून येत नाही. तो मूळचाच कवचात प्रथिनाशी जखडलेला असतो. उष्णतेने ती गाठ सुटते आणि तो प्रकट होतो. कोळंबी अर्धचंद्राकार वळली की काढावी. पुरते वेटोळे घातले की ती चामड्यासारखी झाली असे समजावे. आम्ही वेळेवर काढली. जाळीची टोपली दोघांनी उचलून निथळविली, आणि लांब टेबलावर वर्तमानपत्रे अंथरून तीवर सारा ढीग ओतला. ताट नाही, वाटी नाही, वाढपी नाही. ज्याने त्याने पुढचे उचलावे, सोलावे आणि खावे.

परंतु टेबलाशी येऊन पाहतो तो तेथे मोठी माणसेच. मुले कोठे गेली म्हणून पाहिले, तो ती सर्वच्या सर्व रेघेपलीकडे त्या मुलीच्या टेबलाभोवती मक्याची कणसे खात बसली होती. आधी तिच्याबरोबर जेवावयाचे, कोळंबी मागाहून, असे त्यांनी आपसांत ठरविले होते. त्यांस कोणी उपदेश केला नव्हता. आम्ही लिंबे मागण्याच्या मिषाने रेघेपर्यंत गेलो. तोच ती मुलगी तळहात पुढे करून हसत ओरडली, "आजोबा, शिवू नका हं! तुमचे हात कोळंबीचे आहेत!"

आजी हेच शब्द बोलत असे. शाळेतून आलो की ती ओलेत्याने चुलीपाशी बसलेली, आणि "दूर हो, शिवशील!" हे तिचे स्वागत. पुढे विद्यार्थिदशेत सहभोजनास जाऊन आलो तेव्हा ते तिला मुद्दाम सांगितले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले ते आपल्या विजयाचे चिन्ह मानले. आमच्याच जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. मागाहून ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करणारेही निघालेच. फ्रॉगमोरचा मुलूखही यात निराळा नाही. सेंट हेलेना बेटावर १८६२ साली, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी पेन स्कूल निघाले. पुढे ज्या काळी त्या राज्यात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणे दुर्घट होते, त्या काळात जी थोडी ठिकाणे दोघांसही मोकळी होती त्यांपैकी हे एक. १९६०नंतर मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सहकाऱ्यांसह तेथे बैठकांसाठी येत असत. तेव्हा वेगळ्या पंगतीचा इतिहास दोन्ही किनाऱ्यांवर काळाच आहे, आणि त्यास आम्ही हसलो ते वावगे केले असे आम्हांस आजही वाटत नाही.

चुकले ते दुसरेच. वेगळे भांडे दिसले की कारण न विचारता हसावयाचे, ही आमची सवय झाली होती. आजीने तरी काय केले? कारण न विचारता दूर लोटले. सुधारकपणाचेही एक सोवळे असते, आणि त्यात गुरफटलेल्या माणसास आपल्या अंगावरचे वस्त्र दिसत नाही. वेगळे भांडे पाहिले म्हणजे एवढेच विचारावे, की ते कोणासाठी वेगळे आहे आणि त्याचा जाच कोणास होतो. आजीच्या सोवळ्यात बळकटाने दुबळ्यास दूर उभे केले होते. त्या संध्याकाळी रेघेबाहेर उभे राहण्याची पाळी आमची होती, आणि तेथे उभे राहण्यात आमचे काही गेले नाही.

रात्री सालपटे घट्ट झाकणाच्या पिंपात टाकली. कारण तेथील रॅकून नावाचे प्राणी मांजराएवढे असले तरी हातांनी पेटी उघडतात. मग आम्ही हात साबणाने धुतले. जंतुनाशक द्रव हातास चोळून हे प्रथिन जात नाही, साबण आणि पाणीच लागते, असे बाईंनी सांगितले होते. नखेही घासली. सकाळी स्नान करून, धुतलेले कपडे घालून आम्ही तिच्या तंबूशी गेलो आणि दोन्ही हात पुढे केले. मुलीने ते उलटसुलट करून पाहिले, एकेक नख तपासले, आणि "आता चालेल" असा निर्णय दिला. मग आमचे बोट धरून ती आम्हांस दीपगृह दाखविण्यास घेऊन गेली.