अधूनमधूनचे दुखणे

पार बिघडलेल्या वस्तूशी माझे वैर नाही. बंद पडलेले घड्याळ निदान प्रामाणिक असते. ते दुकानात न्यावे, दुरुस्त करून आणावे, झाले! माझे वैर आहे ते मधूनच बिघडणाऱ्या वस्तूशी. घरी ती रुसून बसते आणि कारागिरापुढे ठेवली की माहेरी आलेल्या लेकीसारखी हसूबोलू लागते. कारागीर मान वर करून पाहतो, आणि त्या नजरेत वस्तूविषयी नव्हे, आपल्याविषयी शंका असते.

हे दुखणे मला पुरते कळले ते हॅम रेडिओच्या नादामुळे. हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांचे बिनतारी संभाषण. सरकारी परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, ‘व्हीयू’ने सुरू होणारे ओळखनाव मिळवावे आणि घरच्या यंत्रावरून शेकडो मैलांवरच्या माणसाशी बोलावे. “हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?” असे घरातून विचारले जातेच. मग मी अंदमानची हकीकत सांगतो. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन कोलमडले, आणि याच हौशी मंडळींनी तेथल्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

माझे निरोप काही असे मोलाचे नसतात. मी कोकणातला शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. रोज सकाळी साडेसहाला ४० मीटरच्या पट्ट्यात मी नागपूरच्या एका काकांशी बोलतो. वय ८१, घरी एकटे. हवापाणी, भाजीचे भाव, माझ्या नव्या प्रकरणाची चौकशी, एवढ्यात वीस मिनिटे सरतात. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, “मास्तर, आता हे बंद करावं म्हणतो. तुमचे अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. माझे कान गेले.”

“अहो काका, तुमचे शब्द मलाही तुटकच ऐकू येतात. कान नव्हेत, यंत्राचं काहीतरी आहे.”

“तुम्ही माझी समजूत घालताय,” ते म्हणाले.

मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

रेडिओवर आवाज खालीवर होण्यात नवल नाही. लहरी आकाशातल्या वरच्या थरांवरून परतून येतात आणि तेथली हवा कधी स्थिर नसते. पण आकाशाचा चढउतार सावकाश असतो, भरती-ओहोटीसारखा. येथे शब्द कात्रीने कापावा तसा तुटत होता, आणि त्याच क्षणी माझ्या मीटरचा काटा उडी घेत होता. असे तुटणे धातूचे. कोठेतरी दोन तुकडे धड चिकटलेले नव्हते.

पण कोठे? नऊ वाजता ऊन वर आले की सारे ठाकठीक! तेव्हा पहाटेच उठून एरियलच्या जागी ५० ओहमचा नकली भार जोडला. प्रथम तो थेट यंत्रालाच लावला, काटा स्थिर. म्हणजे यंत्र निर्दोष. मग तो केबलच्या गच्चीवरच्या टोकाला लावला. काट्याने उडी घेतली. म्हणजे एरियलही निर्दोष. दुखणे केबलमध्ये, बहुधा तिच्या टोकांच्या प्लगांत.

आता एकच खूण हाती होती: ते गारव्यात येते. म्हणून रविवारी भर दुपारी फ्रिजमधला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, मुलीला मीटरपुढे बसवले आणि अगदी थोडी शक्ती सोडून एकेका प्लगावर पिशवी धरली. खालच्या प्लगाला काही नाही. गच्चीवरच्या प्लगावर पिशवी ठेवून पाच मिनिटे झाली असतील, तोच खालून आरोळी आली, “बाबा, हलला!” दुखण्याला असे बोलावून आणल्याचा आनंद मला एखाद्या पाहुण्याच्या येण्यानेही झाला नसता.

केबल प्लगांसह तयारच विकत आणलेली होती. प्लग उघडला तर बाहेरची तांब्याची जाळी प्लगाच्या अंगाला नुसती टेकलेली. डाख असा नव्हताच. कोकणच्या खाऱ्या हवेने तांबे काळवंडले होते. थंडीत सारे आकसले की जाळी सुटे, उन्हात फुगले की पुन्हा टेके.

नवा प्लग बसवताना मला आमच्या लहानपणचा कल्हईवाला आठवला. भांडे लख्ख घासल्याशिवाय आणि चांगले तापल्याशिवाय तो कथलाला हात लावीत नसे. डाखाचा नियम तोच. प्लगाच्या अंगाला चार भोके असतात. त्यांतून डाख जाळीवर उतरायला हवा. त्यासाठी आधी पितळ तापले पाहिजे, आणि छोटी कैया ते तापवू शकत नाही. तापल्यावाचून ओतलेला डाख अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा वर बसून राहतो. चिकटल्यासारखा दिसतो, चिकटत नाही. एक मात्र कल्हईवाल्याचे घेऊ नये, त्याचा नवसागर! तो मागे राहून तांबे खातो. येथे राळच बरी. शेवटी वरून घट्ट पट्टी गुंडाळली आणि पावसाचे पाणी प्लगात न शिरता खाली गळून जावे म्हणून केबलला एक झोळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, तुमच्या मागं कावळा ओरडतोय का हो?”

ओरडत होता.

पुरता बिघाड वस्तूला बंद पाडतो; अधूनमधूनचा बिघाड माणसाचा स्वतःवरचा विश्वास खातो. वर्गात एक दिवस भराभर उत्तरे देणारा आणि दुसऱ्या दिवशी शून्यात पाहणारा मुलगा दिसला की आपण चटकन ‘ढोंगी’ म्हणतो. मी अलीकडे आधी विचारतो, आज कोणत्या वेळी, कशानंतर असे झाले? सकाळी खाऊन आला होता का?

यंदा दिवाळीत तुमच्या आकाशकंदिलातला दिवा लुकलुकू लागला, तर त्याला टिचकी मारून समाधान मानू नका. टिचकीने तो लागेल, आणि नेमका पाहुणे आल्यावर जाईल. बटण बंद करा, प्लग काढा, आणि तो कोठे नुसता टेकला आहे ते शांतपणे पाहा.